मोहरीलसाहेबांनी गाडी विकली

मोहरीलसाहेबांनी आमच्याकडून पहिल्यांदा विरजण नेलं, तेव्हा त्याची पावती दिली. चेष्टा नाही करत. 'विरजण, एक चमचा. वाटी स्टीलची, काठाला पोचा आहे.' खाली सही, तारीख आणि वेळ. काठाला पोचा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली आणि त्यांनी पावती मागितली. मी ती केव्हाच केरात टाकलेली. गृहस्थ दारातून हलायला तयार नाहीत. "असं नाही चालत, वहिनी. वाटी घरात आली, अन् पावती बाहेर फिरून राहिली ना! उद्या तुम्ही म्हणाल, वाटी दिलीच नाही." शेवटी 'वाटी मिळाली' असं मी लिहून दिलं, तेव्हा कुठे स्वारी जिना चढली.

चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खाली आणि ते वर. आम्ही सांगलीचे, ते नागपूरचे. सगळ्या ब्लॉकात मराठी घरं ही दोनच, त्यामुळे पटो न पटो, एकमेकांना धरून राहणं भाग होतं. त्यांची बायको आणि मुली नागपूरला. "कॉलेजसाठी ठेवलं तिकडे," म्हणायचे. खरं म्हणजे पंजाबातले ते दिवसच तसे होते, अतिरेक्यांचे. ज्याला बायकामुलं दूर ठेवता येत होती, तो ठेवत होता. दिवेलागणीला बाजार ओस पडायचा. बसमध्ये बसण्याआधी माणूस वाकून सीटखाली बघायचा. आणि रेडिओवर बातम्या लागल्या की घराघरांतलं बोलणं बंद व्हायचं.

साहेब अंगानं ठेंगणे. डोक्यावर लख्ख टक्कल, कपाळाला अष्टगंध आणि शर्टाच्या खिशात कायम कार्बन पेपरची घडी. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला डाव्या बाजूला निळा डाग असे. तोंडात दोन वाक्यं. एक, "कच्चं नको बाप्पा, पक्कं पाहिजे." आणि दुसरं, "हातात आल्याशिवाय हातातून सोडायचं नाही." भाजीवाल्याला दोन रुपये देताना त्यांचा एक हात नोटेवर आणि दुसरा हात कोबीवर असे. कोबीवर पूर्ण ताबा मिळाला की मग नोट सुटायची. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी उगीचच शेजारच्या गाडीवरची मिरची निवडत उभी राहायची, आमचा काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

अशा माणसावर एक दिवस गाडी विकायची वेळ आली. बदलीचा हुकूम आला होता, थेट शिलाँगला. त्यांची फियाट सायीच्या रंगाची होती. रविवारी तळ्यापर्यंत जायची आणि परत यायची, बाकी आठवडाभर कापड पांघरून झोपलेली असायची. इथल्या बाजारात तेव्हा गाड्यांना भावच नव्हता. जो तो विकून निघण्याच्या मागे. दलाल यायचे, कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायचे, रोख पैसे हातावर टेकवायचे आणि गाडी घेऊन जायचे. पुढे ती गाडी कोणाकडे गेली याचा पत्ता नाही, आणि आर.सी. बुकावर नाव मात्र जुन्या मालकाचं.

"मी मेलो तरी असं करणार नाही," साहेब म्हणाले. "आज ह्याच्या हातात, उद्या कोणाच्या? कुठं काही झालं तर पोलीस कोणाच्या दारात येतील? बुकावर ज्याचं नाव, त्याच्या! इथं विकायचीच नाही. दूर विकायची, नाव-गाव पक्कं असलेल्या माणसाला."

तो पक्का माणूस त्यांच्या साडूनं नांदेडहून शोधून काढला. फोन आमच्याच घरी होता, म्हणून ट्रंककॉल मीच घेतला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "ताई, नमस्कार. नांदेडाहून हरबन्ससिंग बोलूलालो. मोहरीलसाहेब हाईत का?" मी थक्कच झाले. इथे अख्खं शहर पंजाबी बोलणारं, आणि सरदारजी मराठी बोलतोय तो नांदेडहून! पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच माणसं ती, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्यांचं.

साहेबांनी रिसीव्हर घेतला आणि नांदेडपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात अटी सांगायला सुरुवात केली. "रोख आणायची नाही! रस्त्यात कोणी घेतली तर तुमचं नुकसान, खोटी निघाली तर माझं! ड्राफ्ट आणायचा. सरकारी बँकेचा. नाव पूर्ण, 'दिगंबर' अख्खं. ड्राफ्ट पोचला म्हणजे गाडी मिळाली असं समजू नका. माझ्या खात्यात पैसे जमा झाल्यावर किल्ली. हो, त्याआधी नाही. कितीही दिवस लागोत!" मध्येच ऑपरेटर बाई म्हणाली, तीन मिनिटं झाली. साहेब तिलाही म्हणाले, "थांबा, पक्कं होऊन राहिलं आहे." मला वाटलं, पलीकडचा माणूस फोन आपटणार. पण आवाज आला, "जसं तुम्ही म्हणाल तसं, साहेब. येतो."

आणि आले ते. उंचपुरे, दाढी पांढरी व्हायला लागलेली, निळी पगडी. हातात माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "ताई, ही घ्या. वाटेत बॅग किती वेळा उघडून दाखवावी लागली म्हणून सांगू? चटणीचा डबासुद्धा हुंगून बघितला." हसत सांगत होते, पण दमलेले दिसत होते. आणखी गंमत अशी, की चंदीगडात जो तो त्यांच्याशी पंजाबीत सुरू व्हायचा, आणि ह्यांची पंजाबी दोन वाक्यांत संपायची. मग भाजीवाला चक्रावून बघायचा. "इथं आल्यावर मी परदेशी झालो की हो, ताई," ते म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी बँक. आमचं खातंही तिथेच, म्हणून ओळख द्यायला मला बरोबर नेलं होतं. साहेबांनी ड्राफ्ट हातात घेतला. उजेडात धरला. उलटा धरला. मग नाकाशी नेऊन चक्क वास घेतला. हरबन्ससिंग शेजारीच उभे. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, भरून टाका. साहेब म्हणाले, "नहीं जी. पहले नांदेड ब्रँच को फोन लगाओ. नंबर ड्राफ्टवाला नहीं, अपने बैंक की किताब का देखो. ड्राफ्ट झूठा होगा तो उस पर का नंबर भी झूठा ही होगा ना!" आता, बोलणं खोटं नव्हतं. पण ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो माणूस हातभर अंतरावर, पगडी सावरत उभा होता, आणि बँकेतली सगळी रांग त्याच्याकडे वळून बघत होती. त्या दिवसांत लोक पगडीकडे कसे बघायचे ते मी कशाला सांगू? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. फोन लागला, ड्राफ्ट खरा निघाला. हरबन्ससिंगांनी एवढंच म्हटलं, "झालं समाधान? चला, चहा पाजा."

पैसे जमा होईपर्यंत पाहुणे साहेबांच्याच घरी. हॉटेलात उतरू दिलं नाही त्यांनी. स्वतःचा पलंग पाहुण्यांना दिला, आपण सतरंजीवर. रोज पिठलं, नाहीतर वडाभात, आग्रह करकरून वाढायचे. पण गाडीची किल्ली जानव्याला! गाडी बाहेरून पुसायची परवानगी होती, आत बसायची नव्हती. हरबन्ससिंग रोज सकाळी बादली घेऊन गाडी पुसायचे आणि काचेला कपाळ लावून आत बघायचे. एकदा मला म्हणाले, "मुलगी बघायला आलो ताई, चार दिवस झाले. मुलीचा बाप रोज जेवू घालूलाला, पण मुलीला बाहेर काढंना." मी हसले. पण एवढी माया आणि एवढा अविश्वास एका घरात कसा राहतो, हे काही मला उमगेना.

मधल्या दिवसांत साहेबांनी कागद केले. ही गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही असा पोलिसांचा दाखला. मग नांदेडला नोंदवायला हरकत नाही असा इथल्या कचेरीचा दाखला. विमा कंपनीला पत्र. विक्रीच्या फॉर्मवर जिथं जिथं कोरी जागा, तिथं तिथं आडवी रेघ. "कोरी जागा म्हणजे उघडं दार," म्हणाले. शेवटी ताबा-पावती. गाडी कधी दिली, किती किलोमीटर झालेली, स्टेपनी कशी, सगळं. हरबन्ससिंगांनी न वाचता सही केली, तर त्यांना पुन्हा बसवून मोठ्यानं वाचायला लावलं.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी दोघांना मी जेवायला बोलावलं. उजेड असतानाच ताटं घेतली, तेव्हा सगळेच लवकर जेवायचे. कागद पक्के झाल्यामुळे साहेब भलतेच खुशीत. आमचे हे चिडवायला टपलेलेच. म्हणाले, "साहेब, एवढं कागदाचं वेड कुठून लागलं हो तुम्हाला?"

"वेड नाही, अनुभव आहे!" साहेबांनी मांडी ठीक केली. "मागं मी स्कूटर विकली होती. आमच्याच सेक्शनमधल्या बलदेवला. ऑफिसातलाच माणूस, तरी पावती करून घेतली. तारीख, वेळ, पक्कं काम. अन् काय सांगू, बुकावरचं नाव बदलायच्या आत पोलीस दारात! कुठं तरी गोळ्या झाडल्या होत्या, तिथं तशीच स्कूटर दिसली म्हणे. मी म्हटलं, थांबा. पावती काढून समोर ठेवली. 'ये देखो, इस टाइम के बाद स्कूटर मेरी नहीं.' इन्स्पेक्टर वाचून काय म्हणाला माहीत आहे? 'साब, सब लोग आप जैसे हों तो हमारा काम आसान हो जाए.' चहा घेऊन गेला माझ्याकडं!"

आम्ही हसलो. हरबन्ससिंग भाकरी मोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि बलदेव?"

"त्याचं काय?"

"नाही, म्हणलं, ती पावती वाचून पोलीस पुढं त्याच्याकडंच गेले असतील की."

"गेले ना." साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "नेला त्याला. बरेच दिवस ठेवला. त्यानं काही केलं नव्हतं. स्कूटर वेगळीच निघाली. सुटला तो."

"तुम्हाला विचारलं असंल, माणूस कसा हाय म्हणून."

साहेबांचा घास ताटातच राहिला. आम्ही दोघंही हसायचं थांबलो.

"विचारलं," ते म्हणाले.

"मग?"

"मी म्हटलं, पावतीत जेवढं लिहिलं आहे तेवढंच मला माहीत."

साहेबांचं टक्कल कानांपर्यंत लाल झालं होतं. मग आपण होऊनच बोलायला लागले, पण नेहमीचा आवाज नव्हता. "टेबलाला टेबल होतं आमचं. वर्षानुवर्षं. माझी मोठी मुलगी आजारी पडली तेव्हा रात्रभर हॉस्पिटलात बसला होता तो, मी नाही. त्याच्या घरचं सरसों का साग खायचो मी. अन् मी म्हटलं, तेवढंच माहीत. एक शब्द बोललो असतो, बावा, हा माणूस चांगला आहे, तर माझं काय जात होतं? भ्यालो मी. पावती हातात होती, तरी भ्यालो. सुटल्यावर तो ऑफिसात आलाच नाही. खरडला दुकान टाकलं म्हणतात. अर्ध्या तासाचा रस्ता, किती दूर आहे खरड? पण काय तोंड घेऊन जाऊ?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मघाशी आपण हसलो, त्याचीच लाज वाटायला लागली. हरबन्ससिंगांनी त्यांची समजूत घातली नाही, की दोषही दिला नाही. मी वाढलेला भात त्यांनी संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "उद्या सकाळी निघतो, ताई. लांबचा रस्ता."

सकाळी मी डबा बांधून बाहेर आले, तर फियाटवरचं कापड निघालेलं आणि मागच्या सीटवर दोन बॅगा. एक साहेबांची.

"तुम्ही कुठं निघालात?"

"नांदेडपर्यंत जातो. रजा टाकली. चोक अडते गाडीची, ते मलाच समजते."

चोकबिक काही नव्हतं. दाढी-पगडीचा एकटा माणूस, चंदीगडची नंबरप्लेट आणि बुकावर अजून दुसऱ्याचंच नाव. इथून नांदेडपर्यंत प्रत्येक नाक्यावर काय होणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. साहेब हळूच म्हणाले, "कागद सगळे पक्के आहेत हो, वहिनी. पण शिपाई कागद नंतर पाहतो, पहिले माणूस पाहतो." आणि मग, पायातल्या चपलेकडे बघत, "आधी खरडला जातो म्हणतो, बलदेवकडं. तुम्ही तिथपर्यंत येता का? येताना बसनं या. हल्ली अनोळखी पुरुषानं सकाळी दार वाजवलं तर कोणी उघडत नाही. बाईमाणूस सोबत असलं म्हणजे..." वाक्य पुरं झालं नाही. मी पदर खोचला आणि गाडीत बसले.

खरडच्या अलीकडे नाका लागला. वाळूची पोती, त्यामागे बंदुका. जवानानं आत वाकून पगडी पाहिली आणि हरबन्ससिंगांना म्हणाला, "उतरो." त्यांच्या आधी साहेब उतरले. सगळ्या कागदांची फाईल त्यांच्या काखेत होती. मला वाटलं, आता दाखले एकामागून एक बाहेर येणार. पण त्यांनी फाईल उघडलीच नाही. जवानाच्या पुढ्यात उभे राहून म्हणाले, "मैं जानता हूँ इनको. मेरे मेहमान हैं. मेरे घर में सोए हैं, मेरे साथ खाना खाया है. अच्छे आदमी हैं." जवानानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, डिकी उघडायला लावली आणि जाऊ दिलं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. किराण्याचं होतं, मागे राहतं घर. शटर अर्धं खाली. मी दार वाजवलं. एका बाईनं फटीतून पाहिलं, मला बघून दार थोडं उघडलं, आणि माझ्यामागे साहेबांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. आत कोणाला तरी हाक मारून ती बाजूला झाली.

बलदेव बाहेर आला. मी मनात धरला होता त्याहून म्हातारा. चालताना एक पाय ओढत होता. साहेबांना पाहून क्षणभर थांबला आणि मग हात जोडले. "आओ जी, मोहरील साब. बैठो." खुर्च्या पुसल्या. हरबन्ससिंगांना, मला नमस्कार केला. राग नाही, तक्रार नाही. ते बघून मलाच मान वर करवेना.

साहेब बसले. रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते, काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. आता नुसती फाईल मांडीवर घेतली, पुन्हा काखेत धरली. बलदेवचं लक्ष त्या फाईलकडे गेलं. त्यानं मान हलवली, त्याला जणू कळलंच. उठून गल्ल्याशी गेला, पेन घेऊन आला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"कोई काग़ज़ रह गया सी, साब? दस्सो, कित्थे साइन करना है?"

साहेबांनी फाईल जमिनीवर ठेवली. मग एकदम पुढे वाकून त्याचा दुसरा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "नहीं, बलदेव. कोई काग़ज़ नहीं. मैं... बस, कैसे हो, ये पूछने आया. तब नहीं पूछा." एवढं बोलून रडायला लागले. नागपूरची मराठी, हिंदी, सगळं एकत्र झालं, त्यातलं फारसं कोणाला कळलं नसेल. हरबन्ससिंग भिंतीकडे बघत होते.

बलदेवनं हात सोडवून घेतला नाही, की दाबलाही नाही. मग आत बघून म्हणाला, "चाय रख दे."

चहा आला. आम्ही चौघांनी घेतला. साहेबांचा हात त्याच्या हातावर होता, आणि बलदेव साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. आत्ता नाही तर मग, पण कागद निघेल, या अंदाजानं असेल. पेन त्यानं अजून खाली ठेवलं नव्हतं.